मुडदूसवाल्या सोनवणेबाई

सोनवणेबाई लग्नाला आल्या की अक्षता नंतर, आधी मुलांची मनगटं. पंगतीत शेजारी बसलेल्या पोराचा हात धरायचा, हाडावर अंगठा फिरवायचा आणि त्याच्या आईला तिथल्या तिथे सुनवायचं, "मनगट जाड झालंय याचं. उद्या दवाखान्यात आण." घास हातातच राहिलेल्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत. पण मुडदुसात मनगटाचं हाड रुंद होतं आणि बाईंचा अंगठा सहसा चुकत नसे.

बाई मुलांच्या डॉक्टर. नाशिकला शालिमारजवळ त्यांचा दवाखाना होता आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत मी एक्स-रे काढत असे. 'बहुतेक', 'बघू या' असलं गुळमुळीत बोलणं त्यांना जमतच नसे. "मी सांगते ना!" म्हटलं की विषय संपला. मला कधी कधी त्याचा राग यायचा. पण पोरं खडखडीत बरी होऊन जात, मग बोलणार काय?

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. देवळ्याकडचं एक जोडपं चार वर्षांच्या रंजनाला घेऊन आलं. पोरीचे पाय असे वाकलेले, की उभी राहिली तर मधून मांजर पळून जावं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी हाडं कापून सरळ करायचं सुचवलं होतं, तारीखही दिली होती. मी मनगटाचा फोटो काढला. हाडांची टोकं जुन्या लुगड्याच्या पदरासारखी विसविशीत दिसत होती.

बाईंनी फिल्म खिडकीशी धरली. "ऑपरेशन नाही करायचं. कच्च्या हाडाला करवत लावून काय मिळणार? ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देते. हाड पिकेल, पाय आपोआप सरळ होतील."

"नक्की ना बाई? पोरीची जात हाय," बाप म्हणाला.

"मी सांगते ना! घरी दुभतं आहे का?"

"दोन म्हशी शेतस," आई अभिमानाने म्हणाली. बाईंनी खुशीत मान डोलावली. दुधाचा प्रश्न मिटला.

पावसाळा संपताना ती मंडळी परत आली. मी नवा फोटो काढला. टोकं तशीच विसविशीत. भरत आलेल्या हाडाच्या कडेला पांढरी रेघ उमटते, तिचा मागमूस नव्हता. बाईंच्या खोलीत जाऊन मी फिल्म त्यांच्या हातात दिली आणि नकारार्थी मान हलवली.

बापाला काय ते समजलं. "आता त्या आपरेशनवाल्याकडंच जातो बाई. लय वाट पाह्यली."

बाईंनी फिल्म टेबलावर ठेवली. मग त्यांनी खुर्ची रंजनाच्या आईसमोर ओढली. "सकाळी उठल्यावर ही काय घेते?"

"चहा पेस."

"आणि दूध?"

"दूध ते समदं डेरीमा जास," आई म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "दादा, चूक माझी आहे. म्हशी आहेत का विचारलं, पोरीच्या पोटात काय जातं ते विचारलं नाही. इंजेक्शनचा गवंडी पाठवला आणि विटा दिल्याच नाहीत. नुसता गवंडी काय भिंत बांधणार?"

डॉक्टरने पेशंटच्या बापासमोर असं बोलावं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं, हा माणूस आता उठणार. तो उठला नाही. "मंग विटा द्या," म्हणाला.

बाईंनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या, कुस्करून भाकरीबरोबर द्यायच्या. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी सांगितली. आणि दम भरला, "डेअरीचा कॅन भरायच्या आधी हिचा पेला भरायचा. पाव्हणा येवो, सासरा येवो, आधी हिचा!"

संक्रांतीनंतरच्या फोटोत पांढरी रेघ उमटली. मी फिल्म ओलीच घेऊन धावलो. ऑपरेशनला मंडळी गेलीच नाहीत. पाय सरळ व्हायला मात्र पुढची दोन वर्षं गेली.

मग एके दिवशी देवळ्याच्या पहिल्या एसटीने बाप आणि रंजना आले. बापाच्या हातात दुधाने भरलेली किटली.

बाईंचा पारा चढला. "अहो, काय सांगितलं होतं मी? पोरीच्या तोंडचं दूध मला कशाला आणलंत?"

बाप गांगरला. रंजना पुढे झाली. पाय जमिनीवर नीट रोवून, आधी स्वतःकडे आणि मग किटलीकडे बोट दाखवत म्हणाली, "मनं पीसन झायं, बाई. हाई तुमनं शे."

बाईंना दुधाच्या नुसत्या वासानेच मळमळे, चहासुद्धा त्या कोरा घेत. दवाखान्यात हे फक्त मला ठाऊक होतं. त्यांनी मला पेला आणायला सांगितलं, काठोकाठ भरून घेतला आणि रंजनाच्या डोळ्यांसमोर उभ्या उभ्या शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.