बायोडाट्यातला पगार
नव्या कापडावर गरम इस्तरी फिरल्याचा वास आला की मला दारव्ह्याचा आमचा टेलर आठवतो. पत्रकारितेची पदवी घेऊन मी तेव्हा यवतमाळला एका छोट्या चॅनेलवर लागलो होतो. पगार दहा हजार, त्यातले सहा शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यात जायचे. लग्नाच्या बायोडाट्यात मात्र आईने चाळीस लिहिले होते. सगळेच वाढवून लिहितात. माझ्या कमरेला टेप लावता लावता टेलर म्हणाला, "भाऊ, चाळीस भेटते म्हणते तुमची आई. माह्या पोरीले बी तोच कोर्स करायचा हाय. कर्ज काढू काय?" बाकावर आईच्या शेजारी माझं स्थळ जमवणारे मध्यस्थ बसले होते. "काढा," मी म्हणालो, "दोन वर्षांत फिटते." आता त्याची पोरगी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, नऊ हजारांवर. पहिल्या महिन्यात तिला माझा खरा पगार कळला, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. घरी तिने सांगितलेलं दिसत नाही, कारण परवा पँट आणायला गेलो तर टेलरने शिलाईचे पैसे घेतलेच नाहीत. म्हणाला, "तुमच्यापासून कसे घेऊ, भाऊ? तुमच्यामुळं तं पोरगी शिकली."