माग ऐकू येणार नाहीत अशी जागा

कबनूरच्या स्टॉपवर एसटी सुटताना मी खिडकीतून ओरडले, "येते, आण्णा!" आण्णांनी नुसती हसून मान हलवली. त्यांना ऐकू आलं नव्हतं. मालकाचे यंत्रमाग चालवून चालवून वडिलांचे कान कधीच गेले होते, त्याचं नवल नव्हतं. पण शेजारी उभी असलेली आई माझ्या ओठांकडं बघत म्हणाली, "काय म्हणलीस गं?" तिचेही कान जायला लागले होते. कॉलेज संपवून कोल्हापुरात नोकरीला निघाले होते. रडायची तयारी करून आले होते, ते रडणंच राहून गेलं. हातकणंगले यायच्या आत मी ठरवून टाकलं, आईचे कान शाबूत आहेत तोवर शहरात घर घ्यायचं आणि दोघांना तिथून काढायचं.

कबनुरात राहिलेल्यांनो, तुम्हाला काय सांगायचं? आमची खोली मागांच्या शेडला चिकटून. दिवसपाळी, रातपाळी, खटखट चालूच. भिंत थरथरायची, मांडणीतली भांडी वाजायची. साधं मीठ मागायचं तरी बोंब मारावी लागायची. नवख्या पाहुण्याला वाटायचं, घरात भांडण पेटलंय. आठवड्यातून एकदा वीज बंद असायची, तेवढा एक दिवस आम्ही माणसासारखं बोलायचो. आणि जे पुण्या-बंगळूरला गेलात, त्या तुम्हालाही सुरुवातीला तिथल्या शांततेत झोप लागली नसणार, खरं सांगा!

नोकरीत पाय रोवल्यावर मामाला घेऊन जागा बघायला लागले. पहिलंच घर आम्हा दोघांना पसंत पडलं. स्टँड जवळ, बाजार जवळ, आणि कसं गप्पगार! मी शब्द देऊन मोकळी झाले. दोन-तीन दिवसांनी सहज त्या गल्लीत गेले, तर लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग, सगळी गल्ली कोकलत होती. आम्ही घर बघायला गेलो होतो तो वर्कशॉपांच्या सुट्टीचा दिवस होता! जिचं सगळं लहानपण सुट्टीच्या दिवसाची वाट बघण्यात गेलं, तिच्याच हे डोक्यात येऊ नये? कपाळ माझं! तशीच घरमालकाकडं गेले आणि नको म्हणून सांगितलं. मामा भडकला. "आवाजाचं काय येवढं? जलम गेला की त्यात!"

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

त्यानंतर प्रत्येक घर कामाच्या दिवशीच बघायचं असं ठरवलं. आत गेले की आधी भिंतीला तळहात लावून उभी राहायची. घरमालक बुचकळ्यात पडायचे. एकानं तर विचारलं, "पावणं, ओल बघताय व्हय? कोरडी हाय की भिंत!" राजारामपुरी माझ्या आवाक्याबाहेरची. पेठेतलं एक घर आवडलं, पण खालीच पिठाची गिरणी. शेवटी कळंब्याकडं दोन खोल्या मिळाल्या. रस्ता कच्चा, बस आली तर आली. भावकीला चेष्टेला विषयच मिळाला, "शिकवून सवरून पोरगी कळंब्याला धाडली व्हय?" आमच्याकडं कळंबा म्हटलं की माणसाला आधी जेलच आठवतो. मीही हसले. पण तिथल्या भिंतीला हात लावला, तर भिंत गप होती. घेतलंच मी ते घर.

आण्णा यायला तयार नव्हते. "काम सोडून करू काय मी तिथं?" "बसून ऱ्हावा," मी सांगितलं. ते बसून राहणारे नव्हतेच, पण आईनं गाठोडं बांधल्यावर त्यांचं काही चाललं नाही. पहिले काही दिवस आई इतकी मोठ्यानं बोलायची की शेजारीण कुंपणावरून डोकावायची. लाज वाटायची मला, आणि आनंदही व्हायचा.

मग एका सकाळी मी चहा गाळत असताना आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुझं आण्णा झोपंत बोलत्यात. म्हाईत हाय तुला?"

"काय बोलत्यात?"

"मालकासंगं भांडत्यात. लई भांडत्यात. जागेपणी त्येच्यापुढं कधी तोंड उघडलं न्हाई बघ." तिचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्सं शेजारी निजले मी, मला कधी ऐकूच आलं न्हाई."

चहा कपात ओतून झाला, तेव्हा मी म्हटलं, "भांडू देत की. आता सोताच्या घरात हायत."