आबांना चार्ज

टिटवाळ्याच्या पोपट खैरनारांना काहीही बोला, फक्त ढ म्हणू नका. एका लग्नात मेहुण्याने थट्टेत म्हटलं, त्याला तीन वर्षं झाली, अजून त्याच्या घरचं पाणी प्यायलेले नाहीत. आणि का प्यावं? सातवी शिकलेला माणूस कोलशेतच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागला आणि फोरमन होऊन निवृत्त झाला. इंजिनियर त्यांना विचारून मशीन उघडायचे.

असल्या माणसाची, म्हणजे आबांची, नात सान्वी पाचवीच्या सहामाहीत मराठीत नापास झाली. वाचायची अशी घडाघडा, की शेजारीपाजारी कौतुक करत. पण कुंभाराच्या धड्यावर मैथिलीबाईंनी विचारलं, "त्याने गाढव का विकलं?" तर पोरगी छताकडे बघत बसली. "वार्षिक परीक्षेतही असंच झालं तर पाचवीतच ठेवावं लागेल," बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी सान्वी जेवली नाही. आबांच्या ते फार जिवाला लागलं.

कंपनीत पाळी बदलताना चार्ज द्यायची पद्धत होती. मशीनचं काय झालं, काय राहिलं, ते जाणाऱ्याने येणाऱ्याला आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्याला कळल्याशिवाय घरी जायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून आबा चहाचा कप घेऊन नातीसमोर बसू लागले.

"वाचलंस? आता पुस्तक मिट आणि मला चार्ज दे. मी आत्ताच आलोय, मला काही माहीत नाही."

आणि काय एकेक प्रश्न विचारायचा हा माणूस!

"गाढव आजारी होतं का गं?"

"नाही ओ आबा. तळं बुजवून बिल्डिंग बांधली. माती मिळेना, मग गाढव काय वाहणार?"

"मग मडकी करून विकायची की."

"मातीच नाही तर मडकी कशाची करणार?" सान्वी कपाळाला हात लावायची, पुन्हा पुस्तक उघडायची, पुन्हा पहिल्यापासून सांगायची. रोज नवा धडा आणि आबांचे नवे अडाणी प्रश्न. उन्हाळा लागेपर्यंत हे चाललं.

निकालाच्या दिवशी मैथिलीबाईंनी सगळ्या पालकांसमोर सान्वीचा पेपर वर धरला. कधी न वाचलेला उतारा, आणि सगळी उत्तरं स्वतःच्या शब्दांत. "क्लास कुठला लावलास गं?"

"क्लास नाही लावला," सान्वी म्हणाली. "आमच्या आबांना एकदा सांगून कळत नाही. जरा ढ आहेत ते. म्हणून मलाच आधी नीट समजून घ्यावं लागतं."

सगळा वर्ग हसला. आबा उठून उभे राहिले.

"खरं आहे बाई," ते म्हणाले. "पहिल्यापासून ढच आहे मी."

शाळेच्या फाटकाबाहेर येताच त्यांनी मेहुण्याला फोन लावला आणि हे सगळं त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, दोनदा.