घरातला अनुभव

धोंडबाने मुलीचं नाव नीलम ठेवलं, त्यात त्याचं काय चुकलं ते कुणीतरी एकदा समजावून सांगावं. नागपुरात इतवारीतल्या सराफ्यात तो जडकाम करायचा. सोन्याच्या अंगठीत खडा बसवायचा, कोंदण घट्ट करायचं, हात पुसायचे आणि पुढची अंगठी घ्यायची. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा त्याच्या चिमट्यात एक नीलम होता आणि खिडकीतल्या उन्हात तो सुरेख दिसत होता. एवढंच कारण.

त्याची बायको देवकी मात्र बाळंतपणाच्या खाटेवरून भांडली. "शनीचा खडा आहे तो. पोरीले असं नाव काहून ठेवता?"

"अवं, रंग तं पाह्य त्याचा," धोंडबा म्हणाला. "रंग काय शनीनं विकत घेतला का?"

पोरगी वाढली, शाळेत गेली. तिच्या वर्गात आणखी दोन नीलम होत्या. त्या शाळेवर कधी वीज पडली नाही की छप्पर कोसळलं नाही.

एकोणसत्तर साली तिचं लग्न झालं ते कृष्णकांतशी. त्याचे वडील गोपाळराव यांचं सराफ्यात रत्नांचं दुकान होतं आणि धोंडबा त्यांच्यासाठीच काम करायचा. जडकाम करणाऱ्याची मुलगी मालकाच्या घरात गेली म्हणून गल्लीने बोटं तोंडात घातली. कृष्णकांतने कुठेतरी तिला पाहिलं होतं आणि बापाजवळ हट्ट धरला होता, हे खरं कारण. सासू पार्वतीबाईंनी एकच अट घातली, की असलं नाव घरात नको. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं: कांता. वाजंत्री वाजली, पेढे वाटले, आणि वीस वर्षांचं नाव तांदळासकट उचलून ठेवलं.

आता या दुकानाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. पोवळं किंवा पुष्कराज गिऱ्हाईक घेतं आणि घरी जातं. नीलम असा घेत नाहीत. तो निळ्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस दंडाला बांधायचा, तसंच झोपायचं, आणि काय घडतं ते पाहायचं. वाईट काही घडलं तर खडा परत. गोपाळराव बिनतक्रार परत घेत. कन्हानचा कोळशाचा ठेकेदार सांगायचा, खडा बांधला आणि ट्रकचा टायर फुटला. कुणा बाबूच्या घरी दूध नासायचं. गोपाळराव चेहरा गंभीर करून ऐकायचे आणि म्हणायचे, "तुम्हाले नाही लाभला. बरं झालं, लवकर समजलं." दुसऱ्या दिवशी तोच खडा दुसऱ्याच्या दंडाला. त्याला बढती मिळाली की तो पेढे घेऊन दुकानात हजर!

घरी जेवायला बसले की हेच गोपाळराव हसून हसून ठसका लागेपर्यंत सांगायचे. "टायर जुना, रस्ता खड्ड्यांचा, अन् दोष माह्या नीलमचा! अरे, दगड आहे तो. दगडाले काय समजते?" पार्वतीबाई कपाळाला हात लावायच्या. सून मात्र वाढता वाढता पदर तोंडाला लावून हसायची. सासऱ्याला अशी ऐकणारी हवीच होती. भाजीत तिखट जास्त झालं तरी ते तिच्या बाजूने बोलायचे. सासर चांगलं मिळालं असं ती माहेरी सांगायची, आणि तेव्हा ते खोटं नव्हतं.

जेवताना कृष्णकांत तेवढा हसत नसे. तो लहानपणापासून दुकानात गादीवर बसलेला. बापाचा गंभीर चेहरा त्याने दिवसभर पाहिलेला, हसरा फक्त जेवणापुरता. पण बायकोवर त्याचा जीव होता. कांता हे नाव त्याच्या तोंडी बसलंच नाही. दोघंच असले की तो तिला नीलम म्हणायचा, अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये असा.

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा कामठीच्या रस्त्यावर त्याची स्कूटर घसरून ट्रकखाली गेली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा पाय वाचवला, पण तो आखूड झाला. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. सगळे नातेवाईक खाटेभोवती उभे होते आणि तापाच्या भरात तो एकच शब्द बरळत होता. नीलम, नीलम, नीलम.

दुसऱ्या कुठल्या बाईच्या नशिबी हे आलं असतं तर तिने ते जन्मभर जपून ठेवलं असतं. इथे पार्वतीबाईंनी खाटेचा दांडा धरला आणि वळून सुनेकडे पाहिलं.

"हे नाव घेत होता हा? माह्या घरात? रोज?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

त्याच दिवशी तिला दवाखान्यातून परस्पर माहेरी धाडलं. कृष्णकांत बरा होईपर्यंत, असं सांगून. पंधरवड्याने ती चोरून त्याला भेटायला गेली. तो जागा होता. तिला पाहून आधी त्याचे डोळे चमकले, मग त्याने मान भिंतीकडे वळवली.

"तू जाय काही दिवस," तो म्हणाला. "मले नाही लाभलं."

हे ऐकून तिला रडूही आलं नाही. आवाज त्याचा होता, शब्द दुकानातले होते. बापाने गिऱ्हाइकांसाठी केलेलं सोंग त्या शहाण्याने खरं धरलं होतं.

उरले गोपाळराव. त्यांना खरं माहीत होतं. ती त्यांना दवाखान्याच्या आवारात गाठून म्हणाली, "मामाजी, तुम्ही घरी सांगत होते ते एकदा सगळ्यांसमोर सांगा. दगडाले काही समजत नाही, एवढंच. तुमचं ते ऐकतीन."

गोपाळरावांनी आजूबाजूला पाहिलं. ओळखीचे दोघे-तिघे सराफ भेटायला येत होते. "मले समजत नाही का पोरी? तुह्यात काही दोष नाही," ते कुजबुजले. "पण मीच म्हटलं का खड्यात काही नाही, तं उद्या दुकानाची पायरी कोण चढते? घर त्याच्यावर चालून राहिलं. थोडी थांब. लोक विसरतीन."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यावर विश्वास ठेवून ती थांबली. देवकी नवऱ्याला म्हणाली, सांगत होते मी, नाव बदला.  गोपाळरावांकडचं काम धोंडबाने सोडलं, आणि मोठा मालक सुटल्यावर जडकाम करणाऱ्याचं जे व्हायचं तेच त्याचं झालं. चौथ्या वर्षी कृष्णकांतचं दुसरं लग्न झाल्याची बातमी आली. कोर्टात जा, असं शेजारच्यांनी सांगितलं. ती गेली नाही. त्या घरात परत जायची तिची इच्छाच आता मेली होती. पण गोपाळरावांनी ते एक वाक्य चारचौघांत बोलावं, ही इच्छा काही मरेना. सणाला, बारशाला, हळदीकुंकवाला तिला बोलावणं येत नसे. गल्लीतली नवी नवरी समोरून आली की तिची सासू तिला हाताला धरून पलीकडून नेई. त्या एका वाक्याने एवढं तरी थांबलं असतं.

ती ब्लाऊज शिवू लागली. हात बापाचा, शिवण सुबक. बाया लांबून येत. मापाच्या वहीत आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी ती 'शिवणवाली बाई' एवढीच होती, आणि ते तिला बरंच होतं. अशीच एकदा त्र्याऐंशी साली मौद्याच्या रंभाबाई ब्लाऊज शिवायला आल्या. माप देताना त्यांच्या बोटात नीलम दिसला.

"आमच्या मालकाची साडेसाती आहे, म्हणून त्याहीले अन् मलेबी घेतला," रंभाबाई कौतुकाने म्हणाल्या. "लय इमानदार सराफ आहे. आधीच सांगते, खेळ नाही हा. त्याच्या स्वतःच्या घरी नीलम नावाची सून आली होती म्हणे. पोराचा पाय गेला. तिले धाडून दिलं तवापासून दुकानाची भरभराट! घरातलाच अनुभव, बाई."

नीलमच्या हातातला टेप रंभाबाईंच्या पाठीवर थांबला. "हे कोण सांगते? त्याचा पोरगा?"

"नाही वं. म्हातारा स्वतः सांगते. सगळ्याइले सांगते."

बारा वर्षं ती ज्या माणसाच्या एका वाक्याची वाट पाहत बसली होती, तो तिचीच गोष्ट सांगून खडे विकत होता. माप घेऊन झालं. रंभाबाई गेल्या. नीलमने चपला घातल्या आणि ती सरळ सराफ्यात गेली.

गोपाळराव गादीवर होते, फार म्हातारे झाले होते. समोर एक इंजिनियर आणि त्याची बायको बसली होती. मधल्या ट्रेमध्ये निळ्या फडक्यावर खडा होता. इंजिनियर म्हणत होता, "तुम्ही सांगता ते ठीक आहे हो, पण खरंच असतं का असं काही? माझा काही विश्वास बसून नाही राहिला."

नीलम दोन पायऱ्या चढून उंबऱ्यात उभी राहिली.

"मामाजी, यायले खरं सांगा," ती म्हणाली. "घरी जेवताना सांगत होते ते सांगा. मी ऐकाले आली."

गोपाळरावांनी चष्मा काढला. त्यांनी तिला ओळखलं होतं. त्यांचे ओठ हलले, आणि क्षणभर वाटलं की म्हातारा आता बोलतो. शेजारच्या दुकानातले दोघे उठून पाहू लागले होते. रस्त्यावरचं एक गिऱ्हाईकही थबकलं होतं. सगळं दुकान त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं. गोपाळरावांनी त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, चष्मा पुन्हा चढवला आणि चेहरा गंभीर केला.

"साहेब, तुम्ही विचारून राहिले होते ना खरं का खोटं," ते म्हणाले. "हीच ती. आमची नीलम."

त्यांच्या तोंडून तिने स्वतःचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. इंजिनियरच्या बायकोने पदर आवरून घेतला आणि नवऱ्याला आपल्या बाजूला ओढलं. नीलमने गोपाळरावांकडे पाहिलं. ते खाली पाहून फडक्याच्या घड्या घालत होते आणि ती घडी काही केल्या त्यांना जमत नव्हती.

इंजिनियरने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि खिशातून पाकीट काढलं.

"द्या," तो म्हणाला. "आता खात्री झाली."