आखाजीची घागर

आखाजी तोंडावर आली होती आणि अमळनेरहून भावाचा फोन आला. "अक्का गेली," एवढंच बोलला. अक्का म्हणजे आमची काकू. वय झालेलं, दवाखान्यात होती, सगळं खरं. तरी मी धुळ्याच्या घरात फोन हातात धरून खुळ्यासारखी उभी राहिले. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची नवी घागर भरतात. त्याला वर तहान लागू नये म्हणून. या घागरीपायी आमच्या घरात कित्येक वर्षं सणाचा घास कुणाला गोड लागला नाही.

काका नौदलात होता. बोरी नदीला पाणी पावसाळ्यापुरतं, तिच्यात पोहायला शिकलेला माणूस समुद्रावर निघाला म्हणून गल्लीनं त्याची भरपूर थट्टा केली होती. एकाहत्तरच्या लढाईत सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ त्याची बोट बुडाली. बेपत्ता, अशी तार आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुढे 'मृत समजावे' असं कळवलं गेलं, पण अक्का ते ऐकूनच घेईना. प्रेत कुणी पाहिलंय? जित्या माणसाची घागर भरायची म्हणजे आपल्या हातानं त्याला मारायचं, हे तिचं म्हणणं. माझे आजोबा, आबा, दर आखाजीला मुलासाठी घागर आणायचे आणि ही ती उचलून अंगणात पालथी घालायची. आबा तापट, ही त्यांच्या वरताण. आबांना एकच घोर, पोर पाण्यावाचून तडफडतंय, आणि मी डोळे मिटले तर त्याला पाणी देणार कोण?

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी माहेरी आले, तर ओट्यावर एक परका माणूस. काकाच्या बोटीवरचा, वाचलेला, कोकणातला. आबांनी खटपट करून त्याला शोधून आणलं होतं. तो कोण हे कळल्यावर अक्का जी चौकटीत उभी राहिली ती हलेचना. मला वाटलं, आता हा मार खातो.

तो खाली मान घालून सांगू लागला. बोट बुडाल्यावर दोघं एकाच फळीला धरून होते. काकाला मार लागला होता, तो सारखं पाणी मागत होता. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. मग त्याचा हात सुटला...

"शेवटी पानी भेटनं का त्याले?" अक्कानं विचारलं.

"नाही, वहिनी."

ती वळली आणि परसात गेली. परसात विहीर होती. आबा चपलाही न घालता उठले. तेवढ्यात रहाट कुरकुरला. अक्का भरली घागर घेऊन आली आणि माजघरात तिनं ती स्वतःच्या हातानं मांडली.

"कुकू पुसनार नही," तिनं आबांना बजावलं. "पन पानी मीच भरसू."

आबा भिंतीकडे तोंड करून रडले. त्यानंतर अक्कानं एक आखाजी चुकवली नाही. घागरीवर खरबूज ठेवायची आणि आमरसाची पहिली वाटी त्याची. मी चिडवायचे, काका तुझ्या हाताला चटावलाय बघ. ती लाजायची हो, सत्तरीतसुद्धा.

आमची शेवटची भेट जळगावच्या दवाखान्यात झाली. डॉक्टरांनी तिचं पाणी बंद केलं होतं, नुसते ओठ ओले करायला परवानगी होती. जीभ कोरडीठाक पडलेली, तरी मी ओला बोळा जवळ नेला की बाई तोंड घट्ट मिटायची.

"त्याले नही भेटनं," ती पुटपुटली, "माले कसाले?"

मला असा संताप आला! आणि रडूही आवरेना.

"इतकी वर्षं त्याला तूच पाजलंस ना अक्का? त्याचं पोट भरलं आता. तू पी."

मी बोळा पुन्हा तिच्या ओठांशी नेला. मग तिनं तोंड उघडलं.