बुवा निजलेत

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. अक्षर लावून वाचता येत होतं, पण मनात वाचणं जमत नसे. ओठ हलले तरच अर्थ डोक्यात शिरायचा. आमचं गाव वडिवळ्याच्या अलीकडं, भाताचं. ही गोष्ट मोठ्या लढाईच्या आधीची. भजनी मंडळीत वीणा माझ्या गळ्यात असायची, म्हणून सगळे मला बुवा म्हणत. सोमवारचं भजन, एकादशी, कुणाची पूजा, कुणाचा दहावा. कधी लोणावळ्याहून रेल्वेच्या चाळीतलं बोलावणं यायचं. तिकडून घसा बसवून घरी यावं, तर ओट्यावर चौघं बसलेले. सप्त्याला जेवण कुणाकडं आणि टाळ कुणी पळवले, ह्याचा निवाडा करा म्हणून. दिवसभर देवाच्या नावानं गलका. देव मात्र मला त्यात कधी दिसला नाही, खरं ते सांगतो.

लोणावळ्याच्या बाजारातून आणलेली एक पोथी घरात होती. बायकोला वाचता येत नव्हतं, पण ऐकायची तिला भारी आवड. अडचण रीतीची होती. पोथी उघडली की दाराला कडी लावायची नाही, आणि आलेल्याला बसू नको म्हणायचं नाही. पोथी घरची, पण ऐकणं गावचं. लोक यायचे, हात जोडून बसायचे, आणि दोन ओव्या झाल्या की पुन्हा टाळांचा विषय निघायचा.

तोड बायकोनंच काढली. दुपारची जेवणं झाली की ती सूप घेऊन उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची. मी आत माजघरात हळू वाचायचो. एक ओवी झाली की ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं, मग वाचणाऱ्यानं पुढची घ्यायची. पण तिचं हूं बाहेर ऐकू गेलं असतं. म्हणून ती सुपावर नखानं टिचकी मारायची.

"बुवा हायेत का?"

"निजलेत."

"आत्ता? कालबी निजलेलेच व्हते."

"रातभर तुमीच जागवता, आन् दिवसा तुमीच इचारता व्हय?"

गावात माझं नाव झालं. वीणा गळ्यात घालून उभ्यानं झोपणारा बुवा आमचाच, असं लोक पाहुण्यांना सांगत. मी चिडायचो. "अगं, किती खोटं बोलशील?"

"तुमी वाचा. खोट्याचं मी बगून घेईन."

एका वर्षी लावणी उरकली आणि तिला ताप भरला. तरी उंबऱ्यात बसली. अर्धा अध्याय झाला आणि टिचकी येईना. बघितलं तर मान भिंतीला टेकलेली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उंद्या." मी दोऱ्याची खूण घालून पोथी मिटली. त्या तापातून ती उठली नाही.

आमच्यात अध्याय अर्धा ठेवत नाहीत. तेवढा एक पुरा करायचा होता, तिच्या वेळेला, कुणी मध्ये न येता. दुसरं काही मला नको होतं.

दिवसकार्य झालं, पण मंडळी हलेनात. बुवाला एकटं सोडायचं नाही, असं त्यांनी आपसात ठरवलेलं. रोज दुपारी टाळ घेऊन हजर. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी म्हणायचो, "मी निजतो."

"निजा की बुवा. आमी हितंच बसतो. हळू म्हनतो."

हळू म्हणणारा टाळकरी मी जन्मात पाहिला नाही. आणि पोथी वाचायचीय म्हणावं, तर अख्खी आळी गोळा झाली असती.

एका दुपारी पिठलं-भात खाल्ला, सुपात तांदूळ घेतले आणि तिच्या जागी उंबऱ्यात बसलो. खडा कुठला नि कणी कुठली, मला दिसत नव्हतं. मंडळी आली. पुढं पखवाज वाजवणारे आबा, वयानं माझ्याहून थोर.

"बुवा, सरका जरा. आत येऊ द्या."

"बुवा निजलेत," मी म्हणालो.

मागचा टाळकरी हसला. "मंग ह्यो उंबऱ्यात कोन बसलाय?"

"निजलेत म्हणलं ना."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग सुपाकडं. पखवाज खांद्यावर सरकवला आणि मागं वळून म्हणाले, "निजलेत म्हनत्यात न्हवं? चला मागं. उंद्याबी निजनार हायेत, ध्यानात ठिवा. सोमवारी उठत्याल."

सूप घेऊन मी आत गेलो. कडी लावली नाही. खुणेवर पोथी उघडली, पहिली ओवी वाचली आणि सवयीनं थांबलो. मग सूप जवळ ओढलं, त्याच्यावर माझ्याच नखानं टिचकी मारली आणि पुढची ओवी घेतली. अध्याय संपेस्तोवर तसंच केलं. आवाज मोठा झाला असेल तर असेल. दार उघडं होतं, पण कुणी आलं नाही.