आभार मानणारी मिरलांद

मिरलांदला स्वतःच्या चुकांचं काही वाटत नसे असं सांगणारा खोटं बोलतो. वाटायचं, चांगलंच वाटायचं. हैती सोडून अर्जेंटिनात, रोसारिओला येऊन तिला वर्षही झालं नव्हतं, अन् नेलीदाबाईंच्या पडदे शिवायच्या कारखान्यात तिच्या स्पॅनिशवर रोज हशा पिकायचा. 'मी दमलेय' म्हणायला गेली अन् एक अक्षर गाळून 'माझं लग्न झालंय' म्हणून बसली. गिऱ्हाइकानं अभिनंदन केलं. पण बाई खमकी. कोणी हसलं की तेच वाक्य दुप्पट मोठ्यानं म्हणायची. हसा म्हणावं, दात तुमचेच दिसतात.

काढ्याची गोष्ट मात्र तिला लागली. तिथं कामाच्या मध्येच कडू पाल्याचा गरम काढा फिरतो. सुकवलेल्या भोपळ्याची वाटी एकच, ओढायची नळी एकच. नेलीदाबाई भरून देणार, एकीनं संपवून परत करायची, मग पुन्हा भरून दुसरीला. मिरलांदला पहिल्या फेरीत वाटी मिळे. ती संपवून, मान लववून आभार मानी. पुढच्या फेरीला वाटी तिच्या नाकासमोरून शेजारच्या ग्लादिसकडे जाई. रोज हेच.

काळ्या बाईच्या तोंडची नळी नको असेल यांना, पहिली वाटी लाजेकाजेस्तव देत असतील, हे तिच्या मनानं घेतलं. हॉटेलात साफसफाईचं काम मिळत होतं. शनिवारपासून तिकडेच जायचं तिनं ठरवलं. पण जाब विचारल्याशिवाय जाईल ती मिरलांद कसली?

शुक्रवारी वाटी पुढे सरकताना तिनं मध्येच हात घातला.

"मला का नाही? माझ्या ओठांचा विटाळ होतो का तुम्हाला?"

क्रियापदं सगळी वाकडी होती, पण अर्थ सरळ पोचला. मशिनी थांबल्या. नेलीदाबाईंचा चेहरा पडला.

"अगं, नको असं तूच सांगतेस की रोज," त्या म्हणाल्या.

मग ग्लादिसनं उलगडा केला. इथं वाटी परत करताना आभार मानले म्हणजे 'बास, मला आता नको'. जिला आणखी हवा, तिनं मुकाट्यानं परत करायची. ऐकून सगळ्या पोट धरून हसल्या. मिरलांदचे कान तापले. इतके महिने आपण यांच्याविषयी काय काय मनात आणलं, तेही तिला आठवलं. चारचौघींत हसून विषय संपवता आला असता. पण तिला ते पटेना.

"आमच्याकडे हातात दिलेलं घेऊन मुकाट्यानं परत करणारीला आईनं वळण लावलं नाही म्हणतात," ती म्हणाली. "मला लावलंय. मी आभार मानणार. अन् तुम्ही मला देणार."

"मग तुला पुरे झालं हे आम्ही ओळखायचं कसं?" नेलीदाबाईंनी विचारलं.

"मी सांगेन ना. तोंड आहे मला."

 नेलीदाबाईंनी वाटी भरली आणि तिला दिली. मिरलांदनं ती तळापर्यंत ओढली, अन् शेवटच्या मशिनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आभार मानले. पुढच्या फेरीला सवयीनं नेलीदाबाईंचा हात ग्लादिसकडे वळला, मध्येच थबकला, अन् परत तिच्याकडे आला.

फेऱ्या होत राहिल्या. खरं तर तो कडू काढा मिरलांदला कधीच आवडला नव्हता. पोट डबडबलं, जीभ कडूजहर झाली.

"पुरे झालं का गं?" नेलीदाबाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली अन् हात पुढे केला.